तारका नसलेला महिना

शारजात, रोलाच्या मागच्या गल्लीत
आमच्या काउंटरवर एक लॅमिनेट केलेला तक्ता आहे.
बेटं उभी, महिने आडवे.
जानेवारी ते मार्च तीन तारका,
नोव्हेंबरला अडीच
(ती अर्धी मीच कात्रीने कापून चिकटवली),
मेला एक, तीही अंग चोरून बसलेली.
जुलैची घरं कोरी.

लोक विचारतात, बेस्ट सीझन कोणता,
आणि मी घडाघडा म्हणते:
समुद्र परातीतल्या पाण्यासारखा हवा तर फेब्रुवारी,
पैसे वाचवायचे तर शाळा सुटायच्या आत,
फोटोंसाठी मार्च, संध्याकाळ लांबते.
मी स्वतः बोटीवर कधी गेलेले नाही.
आबऱ्यातून खाडी ओलांडतानाही
मला पर्समध्ये लिंबू लागतं.

जून संपत आला होता, बाहेर सत्तेचाळीस.
दार ढकलून आत आले अब्दुलगनी मुकादम,
मागून जैतूनबी, व्हिजिट व्हिसावर, चष्म्यावर वाफ.
एकतीस वर्षं टगवर सारंग.
आता हिशेब झाला, पैसे हातात आले,
आणि हिला एकदा पाण्यावरून फिरवायचं.
"फेब्रुवारी," मी तक्ता वळवला.
त्यांनी मान हलवली. समजूतदार माणूस.

जैतूनबीने मात्र कोऱ्या घरावर बोट ठेवलं.
"हा."

मी म्हटलं, मावशी, त्या महिन्यात बोट डोलते,
ताटातला भात शेजाऱ्याच्या मांडीवर जातो,
बेटावर पाऊस, वर आभाळ गोणपाटासारखं.
ती म्हणाली, "ठाऊक आहे गं.
आमच्या दाभोळला आगोटीला
सगळ्या होड्या वर ओढतात, झापांखाली झाकतात.
गावातला एकूण एक पुरुष चार महिने घरात,
जाळं विणतोय, भांडतोय, चहा मागतोय.
बायका वैतागायच्या.
मी वैतागायचे ते ऐकून.
माझा तेवढा पाण्यावर.
फोनवर विचारलं, कसा आहे दर्या,
की म्हणायचा, ठीक आहे.
एकतीस वर्षं ठीक आहे.
मला ते ठीक एकदा बघू दे."

गनीचाचा छताकडे बघत राहिले.
एसीतून पाणी ठिबकत होतं, खाली आमची बादली.

मी कॉम्प्युटर चाळला.
जुलैत एकही जहाज नाही. समुद्र रिकामा,
पडद्यावर नुसत्या करड्या ओळी.
ऑगस्टच्या शेवटी एक सापडलं, अर्ध्या दरात,
नवा सीझन सुरू होण्याआधी जागा बदलणारं जहाज,
बेटांकडे निघालेलं, जेमतेम भरलेलं.

"चोवीसच्या पुढे?" गनीचाचा आता बोलले.
"म्हणजे सुहैल उगवलेला असेल.
इथला जुना नाखुदा दाखवायचा, पहाटे, दक्षिणेला, पाण्याला टेकून.
तो दिसला की उकाड्याची कंबर मोडते.
आपण त्यालाच अगस्ती म्हणतो."

मला शाळेतला अगस्ती आठवला,
एका आचमनात समुद्र पिणारा.
नंतर त्याने तो परत दिला की नाही
ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं,
आणि आम्हीही विचारलं नव्हतं,
तास संपला होता.

"थोडा उरलेला असतो राग तेव्हा," ते जैतूनबीला म्हणाले,
"सगळा नाही. तुला झेपेल एवढा."
"मला काय झेपतं ते तुम्हाला कधी कळलं?"
असं ती म्हणाली, पण पासपोर्ट काढत.

मी केबिनचे फोटो दाखवले.
खालच्या मजल्यावर गोल खिडकी, स्वस्त.
"उघडते का?" तिने विचारलं.
नाही, मावशी, पक्की काच.
"मग वारा कुठून कळणार?"

गनीचाचांनी पैशाचं पाकीट परत उघडलं,
नोटा मोजल्या, थुंकी लावून, दोनदा,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
बाल्कनीवालीला किती जास्त पडतात.